इतर कारणे

एकतीस मार्च, संध्याकाळचे पावणेसात.
शेवटचं युनिट मोजून इन्व्हर्टर गप झाले
आणि मी कंट्रोल रूमचा पंखा वाढवून
पुण्याहून आलेला तक्ता उघडला.

घाटंजीच्या पुढं अकरा किलोमीटर,
दहा मेगावॅट, तीस हजार पॅनेल,
वर्षाचं उत्पादन एक कोटी सत्तावन्न लाख.
ठरलं होतं एक कोटी सहासष्ट.
तूट नऊ लाख युनिट. कारण निवडा:
धूळ. ढग. ग्रीड. बिघाड. इतर.
'इतर'ला शंभर अक्षरांची जागा.

मे महिना यादीत नाही.
मुख्यालयाला वाटतं विदर्भ म्हणजे ऊन, ऊन म्हणजे नफा.
सत्तेचाळीस अंशांत पॅनेल सत्तरीला तापतं
आणि काम अंगावर घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे,
पण यंत्राला ऊन लागलं असं लिहायचं कुठं?
आम्ही खिशात कांदा ठेवून फिरलो.

जूनच्या वादळात सबस्टेशनची लाईन पडली.
ग्रीड नाही तर आपणही बंद, नियमच आहे तो.
तीन दिवस लख्ख ऊन,
तीन दिवस चाळीस एकर काच नुसती बसून,
आणि गावात गिरणी थंड.
रियाज पठाण कुंपणाशी आला, पिठानं पांढऱ्या भुवया,
'बावा, एवढी वीज हाय तुमच्याजोळ,
एक वायर इकडे टाका न.'
मी त्याला अर्धा तास सर्किट समजावलं.
त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली
आणि दळणाचे डबे सायकलला बांधून
घाटंजीच्या रस्त्याला लागला.
तक्त्यात: ग्रीड, बहात्तर तास.

मग जिनिंगचे दिवस. कापसाचे तंतू हवेतून येत,
पहाटेच्या दवानं काचेला चिकटत,
वर धूळ, वर पऱ्हाटी जाळल्याचा धूर.
इंदुबाई कुमरे आणि तिच्या सहाजणी
पाच वाजता टॉर्च लावून रांगा धुवायच्या,
ऊन चढायच्या आत, नाहीतर काच तडकते.
हे ती मला शिकवायची. डिप्लोमा माझा.

फेब्रुवारीत गारा. अकरा मिनिटं.
दोनशे अठ्ठेचाळीस पॅनेलांवर कोळ्यांनी जाळी विणल्यासारखी.
विमा मिळाला. म्हणून ते तुटीत धरायचं नाही.
वानरांचा कळप नवव्या रांगेवर उन्हं खात बसायचा,
त्यांच्या सावलीचे युनिट मी एकदा मोजलेही,
दिवसाला चौदा. हे 'इतर'मध्ये लिहिलं,
मग खोडलं.

शेवटचा रकाना: पुढील वर्षाचा अंदाज.
वरून कळलं होतं, उत्साहवर्धक लिहा,
ओढ्यापलीकडची जमीन बघणं चाललंय.
इंदुबाई हजेरीची सही करायला आली होती.
विचारलं, पुढच्या साली काय होईल?
ती अंगठ्याजवळची शाई पदराला पुसत म्हणाली,
'नळी लांब पाठवा म्हना त्याईले.
तेविसाव्या रांगेले पुरत नाई,
बादलीनं किती दिवस न्यावं?'
मी तेच लिहिलं. शंभर अक्षरांत बसलं.

ऑगस्टात अहवाल आला, गुळगुळीत कागद, जड.
अध्यक्षांच्या मनोगतात 'सूर्य' सतरा वेळा.
बेचाळिसाव्या पानावर इंदुबाई, पाठमोरी,
काचेवर पाण्याचा फवारा, मागं लाल आभाळ.
खाली लिहिलं होतं: स्थानिक सहभाग.
ती म्हणाली, हे मी नोहो, हे शांता हाय,
माह्या लुगड्याले असा काठ नाई.
मग बराच वेळ बघत राहिली.

त्याच आठवड्यात नळीही आली.
साठ मीटर, निळी, अर्ध्या इंचाची.
आमचा नळ पाऊण इंची आहे.